मोहाखालचे जोडे

“टेलर स्टेजवर आला का खुनी भेटला. मंग रातभर बसाचं कायले?”

बोरिंगवर पाण्याचे गुंड भरणाऱ्या दोघींपैकी एक असं म्हणाली आणि दुसरी हँडल मारता मारता हसली. मी त्यांच्या मागे बादली घेऊन उभी होते. यंदाचं नाटक खुनाचं आहे हे मामांनी गावभर केलं होतं, पण ते कोणी लिहिलं हे सांगितलं नव्हतं. ती माझीच अट होती. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात पहिलं वाचन होतं आणि माझं तीन अंकांचं रहस्य सकाळी आठ वाजता बोरिंगवरच फुटलं होतं.

मी चंद्रपूरला इंग्रजी माध्यमात शिकले. पदवी झाली, दोन परीक्षा दिल्या, दोन्ही हुकल्या. मग मागच्या मार्चमध्ये सिंदेवाहीच्या पलीकडे मामांच्या गावी थोडे दिवस म्हणून आले आणि राहिले. गावात मला मॅडम म्हणत. त्यात थोडी चेष्टा होती, थोडा आदर. माझी मराठी ऐकून बायका तोंडाला पदर लावत, म्हणून मी बोलणं कमी केलं आणि ऐकणं वाढवलं. मामीला वाटे, पोरगी गर्विष्ठ आहे. मामांना वाटे, हुशार आहे. खरं तर मी नुसती घाबरलेली असे.

धान कापून झाले की आमच्या या पट्ट्यात नाटकं सुरू होतात. वडसाच्या मोठ्या कंपन्या गावोगाव जातात, पण मामांच्या गावाचं स्वतःचं मंडळ आहे आणि शंकरपटाच्या दिवशी, बैलांच्या शर्यती संपल्यावर, गावचीच माणसं नाटक करतात. मामा मंडळाचे अध्यक्ष आणि पंचवीस वर्षांपासून हिरो. दर डिसेंबरमध्ये ते केस काळे करतात. मी रोज संध्याकाळी गुप्तहेरांच्या कादंबऱ्या वाचते हे पाहून ते एकदा म्हणाले, “इंग्रजीतले एवढे खून वाचते, एक खून मराठीत लिहून दे ना बाई.” मी लिहिला. दीड महिना लागला, कारण जोडाक्षरांशी माझं अजून जुळत नाही.

मला वाटायचं, रहस्यकथेचा सांगाडा मला पाठ आहे. सुरुवातीला प्रेत. मग तीन संशयित, तिघांवर सारखा संशय. मधे एक खोटा धागा, एक खरा धागा, पण खरा असा ठेवायचा की दिसूनही दिसू नये. शेवटच्या पाच मिनिटांत उलगडा. माझ्या नाटकात जंगलातल्या लाकूड डेपोचा चौकीदार मोहाच्या झाडाखाली मेलेला सापडत होता आणि खुनी होता दवाखान्यातला गरीब, अबोल कंपाउंडर, ज्याच्याकडे कोणी पाहू नये.

पण आमच्या मंडळात भूमिका नाटकावरून ठरत नाहीत. त्या पोशाखावरून ठरतात. ज्याचा पोशाख, त्याची भूमिका, आणि पोशाख कोणी कोणाला उसना देत नाही. राइसमिलवाल्यांकडे खाकी ड्रेस, टोपी आणि खराखुरा पट्टा आहे, म्हणून नाटक कोणतंही असो, इन्स्पेक्टर ते. मामांकडे कोट आहे. आणि गावच्या टेलरभाऊंनी फार वर्षांपूर्वी स्वतःसाठी एक काळा झगा शिवला होता, तेव्हापासून ते खलनायक. आवाजही तसाच, खर्जातला. दरवर्षी तिसऱ्या अंकात ते हिरोच्या हातून मरत आणि पब्लिक शिट्ट्या मारत. म्हणजे माझा अबोल कंपाउंडर काळ्या झग्यात येणार होता.

त्या दुपारी मामांनी वाचन केलं. मी खांबाला टेकून, कोणाच्या डोळ्यांत येणार नाही अशी बसले. व्हरांड्याच्या कडेला नेहमीप्रमाणे बघे जमले होते. त्यांत टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीवरची, एक म्हातारी बाई होती, गोंडांच्या घरातली, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून. दुसऱ्या अंकात मामांनी मोठ्या आवाजात वाचलं की मोहफुलं वेचायच्या दिवसांत, झाडाखालच्या चिखलात, इन्स्पेक्टरला बुटाचा ठसा सापडतो.

“मोहाखाली चिखल कुठचा आला वो?” बाई म्हणाली.

व्हरांडा हसला. मामाही हसले आणि कागदाकडे असे पाहू लागले की जणू चिखल कागदालाच लागला आहे. मोहाचा हंगाम चैत्रातला. त्याआधी प्रत्येक घरची माणसं आपापल्या झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात, म्हणजे पहाटे पडलेलं फूल लगेच दिसतं. तिथे असते फक्त राख. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मला तर त्याहून जास्त माहीत होतं. म्हणूनच मी त्या बाईकडे पाहिलं नाही.

गावात आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सकाळी फिरायला गेले होते, कानात गाणी, पायात पळायचे जोडे. टोल्याजवळ एका झाडाखाली काळ्याभोर जमिनीवर पिवळट फुलं पसरली होती आणि आसपास कोणी नव्हतं. कुंपण नव्हतं, पाटी नव्हती. मला ते जंगलच वाटलं. मी ओढणीभर फुलं वेचली आणि मोठ्या कौतुकानं आणून मामीच्या सुपात ठेवली. कोणतं झाड कोणत्या घरचं हे इथे कागदावर नसतं, पण कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली वाकत नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

दहाच्या सुमारास तीच बाई आमच्या पायरीवर येऊन बसली. पाणी मागितलं, प्यायली, मामीशी उन्हाळ्याचे दोन शब्द बोलली. मग पायरीवरच्या माझ्या जोड्यांकडे पाहिलं, काठीनं एक जोडा उलटा केला. तळाच्या खाचांमध्ये राख भरली होती. मामीला सगळं कळलं. तिनं सूप उचलून फुलं बाईच्या टोपलीत ओतली आणि म्हणाली की जोडे आमच्या पोरीचे आहेत, शहरातून आली आहे. बाई म्हणाली, “राहू दे वो. तिले काय माईत.” आणि गेली.

मी दाराआड उभी होते. दोन पावलं बाहेर टाकली असती तर एवढंच म्हणायचं होतं की जोडे माझे आहेत, चुकलं. मी टाकली नाहीत. फुलं उचलल्याचं मला पुढे काही वाटेनासं झालं, पण त्या दाराचं वाटत राहिलं. बाईनं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. व्हरांड्यातही, सगळे हसत असताना, ती फक्त चिखलावर बोलली.

वाचनानंतर टेलरभाऊंनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की यंदा त्यांना सोडा. मामांनी ते थट्टेवर नेलं. टेलर नाही म्हणजे खुनी नाही, खुनी नाही म्हणजे नाटक नाही, असं म्हणून ते चहा प्यायला गेले.

दोन दिवसांनी कुर्त्याच्या बाह्या कमी करायला मी टेलरभाऊंच्या दुकानात गेले. त्यांनी माप घेतलं, खडूनं खूण केली आणि मशीनवरून मान न उचलता विचारलं, “नाटक तुमीच लिवलं ना मॅडम?”

मी खडूच्या खुणेकडे पाहिलं. त्यांनी समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. मामा वाचताना तीन ठिकाणी अडखळले, म्हणजे अक्षर त्यांचं नाही. आणि सगळे मामांकडे पाहत असताना एकटी मी ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत होते. कपडा ज्यानं शिवला तो कपड्याकडे पाहत नाही, घालणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. मला हसू आलं. माझ्या पोलिसाला तीन अंकांत जे जमलं नव्हतं ते त्यांनी खुर्चीत बसून केलं होतं.

मग त्यांनी मशीन थांबवलं. मुलीचं लग्न ठरलं होतं, सासर वरोऱ्याचं, कापडाचं दुकान असलेली माणसं. त्यांना शंकरपट आणि नाटक पाहायला बोलावणं भाग होतं, कारण सगळं गाव आपले पाहुणे त्याच दिवशी बोलावतं. लेकीनं बापाला तोंडावर काही म्हटलं नव्हतं. पण आईजवळ बोलली होती की नव्या माणसांनी अब्बांना पहिल्यांदा पाहायचं ते मामांच्या हातून मार खाताना.

“माहे समधी पयल्या रांगेत बसन,” टेलरभाऊ म्हणाले. “नाटक सोडावं तं जीव होत नाई. एकडाव मलेबी शेवटपर्यंत जित्ता ठेवा ना.”

मी मान हलवली. घरी येताना कळलं की मान हलवणं म्हणजे वचन असतं, आणि बाह्या कमी न होताच कुर्ता दुकानात राहिला होता.

चार दुपारी मी मामांच्या धानाच्या कोठीजवळ बसून नाटक पुन्हा लिहिलं. आधीच्या नाटकात मी तीन संशयित आणि दोन धागे नीट मांडले होते, पण त्यांतला एकही या गावचा नव्हता. हे नाटक कोणत्याही गावात घडलं असतं. आता मी उलट बाजूनं विचार केला. अशी कोणती चूक आहे, जी इथल्या कोणाच्याही हातून होणार नाही? उत्तर माझ्या जोड्यांना चिकटून होतं.

नव्या नाटकात चौकीदाराची शहरातून आलेली पुतणी खुनी झाली. काकाची जमीन तिला हवी असते. खून करून झाल्यावर आपण गावातल्यासारखं दिसावं म्हणून ती पहाटे बायकांबरोबर टोपली घेऊन निघते आणि काकाचं म्हणून जे झाड समजते ते दुसऱ्याच घरचं असतं. राखेत तिच्या जोड्यांची नक्षी उमटते. खाकीतला इन्स्पेक्टर पहिल्या अंकापासून चुकीच्या माणसांना धरत राहतो, म्हणजे राइसमिलवाल्यांचा पट्टा तसाच शाबूत. गुन्हा मात्र शोधतो गावचा टेलर, ज्याला प्रत्येकाचं माप ठाऊक आहे आणि बोलताना कोण कोणाकडे पाहतं हे ज्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याला झगा लागत नाही. गळ्यात मापाची पट्टी पुरे.

शनिवारी मामांनी नवं नाटक वाचलं. कोणी चहाला उठलं नाही. बोरिंगवर हसलेली बाई शाळेच्या गेटपाशी पोर कडेवर घेऊन उभी राहून ऐकत होती. राखेचा प्रसंग आला तशी टोल्यावरच्या बाईनं खर्रा चघळणं थांबवलं. तिनं मला शोधलं, आणि या खेपेला मीही नजर हटवली नाही. तिच्या ओठांची कड थोडी हलली. टेलरभाऊ भिंतीला पाठ लावून बसले होते, पट्टी बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत.

अडचण वाचन संपल्यावर आली. पुतणी करणार कोण? वडसाहून एकच बाई कलाकार ठरली होती, ती नाटकातल्या आईचं काम करणार आणि तीही शेवटचे दोन दिवस येणार. गावातल्या कोणाची मुलगी स्टेजवर जायची नाही, गेली तरी खुनी व्हायची नाही. कोणीतरी म्हणालं की टेलरलाच साडी नेसवा, आणि हसणं पार मागच्या वर्गापर्यंत गेलं. राइसमिलवाले नेहमी व्यवहाराचं बोलतात. ते म्हणाले की एवढं कशाला, पुतणीचा पुतण्या करा. काळा झगा तयारच आहे. शोधायचं काम इन्स्पेक्टरच करेल, त्यासाठी आणखी एक माणूस हवा कशाला? एका रात्रीत बदलून होईल.

माना हलल्या. मामांचीही, जड होऊन, पण हलली. नाटक पंधरा दिवसांवर होतं.

टेलरभाऊंनी पट्टी पूर्ण गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. ते रागावले नाहीत. फक्त उठताना भिंतीला हात लावून उठले, आणि मला वाटलं की ते आधी असे उठत नव्हते.

“लिवणाऱ्याले तं विचारा,” खालून टोल्यावरची बाई म्हणाली.

कोण आहे लिहिणारा, असं दोघा-तिघांनी एकदम विचारलं. मामा माझ्याकडे न पाहण्याचा इतका प्रयत्न करू लागले की त्यावरूनच ओळखू यावं. मी नाटकाच्या रात्री विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचं ठरवलं होतं. हातात टॉर्च, समोर कागद, आणि आपलेच शब्द दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायचे. ती जागा मला फार आवडली होती. तीही एका अर्थानं दाराआडचीच.

व्हरांड्याच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला पडल्या होत्या आणि त्यांच्यात माझे जोडे, राखाडी, नाडी सुटलेले. मी खांबापासून उठले, चार पावलं चालून पायरीपाशी गेले आणि ते उचलले. तळाच्या खाचांमध्ये राख आता नव्हती, नुसती धूळ होती. मी वळले तेव्हा टेलरभाऊ भिंतीवरचा हात तसाच ठेवून थांबले होते.

“हे जोडे माझे आहेत,” मी म्हणाले. “भूमिकाही माझीच.”