आक्काच्या गिरणीचे इंजिन किती गार असावे?

इंजिन जितके गार राहील तितके ते सुखी असते का, या प्रश्नाचे उत्तर मला हवे होते. माझी थोरली बहीण, आक्का, हिच्याशी त्यावर माझा वाद चालू होता. तो मिटण्याआधीच, गेल्या महिन्यात, तिच्या शेजारणीचा, शालनवहिनींचा, फोन आला. "गुरुजी, आक्का उठंनात... तुमी या." साताऱ्याहून निघून कवठे महांकाळच्या पलीकडचे ते गाव मी गाठले, तेव्हा आक्का गेली होती आणि अंगणात माणसे जमली होती.

आक्काची पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चाले. इंजिनाशेजारी चौथऱ्यावर पाण्याची टाकी होती. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने टाकीत जाते, गार पाणी खालच्या नळीने इंजिनात येते. पंप लागत नाही. आक्काला मात्र एवढ्याने समाधान नव्हते. दळण चालू असताना ती टाकीत विहिरीच्या ताज्या पाण्याच्या कळशा ओतत राही. मी हटकले, तर म्हणाली, "बैलाला धाप लागली की पाणी दावतो न्हवं? मग ह्यानं काय घोडं मारलंय?" तिच्या मायेत खोट नव्हती, पण बैल गार होऊन ताजातवाना होतो, तर डिझेल गार इंजिनात धड जळत नाही. अर्धवट जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर वाऱ्याबरोबर दारातून आत येई आणि पिठात मुरे.

एकदा शालनवहिनींनी पिठाचा डबाच परत आणला. "आक्का, भाकरीला वास मारतोय. पोरं म्हंत्यात, एष्टीच्या मागं बसून जेवल्यावानी वाटतंय!" आक्का हसली, पण गिऱ्हाईक विजेच्या गिरणीकडे वळू लागले होते. तिचा मुलगा परमुलखात गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात आहे. गिरणी बंद करून आईने आपल्याकडे यावे, असा त्याचा आग्रह होता. आक्काला स्वतःच्या घरात, स्वतःच्या गावात मरायचे होते. गिरणी चालली, तरच ते शक्य होते.

मी जुन्या ट्रॅक्टरचा थर्मोस्टॅट मिळवला. ही तळहातावर मावणारी पितळी झडप असते. पाणी पुरेसे तापेपर्यंत ती वाट अडवते, तापले की उघडते. ती नीट उघडते का, हे पाहण्यासाठी मी ती दोऱ्याने पाण्यात टांगून, शेजारी तापमापी धरून, चुलीवर ठेवली.

"माझ्या चहाच्या पातेल्यात पितळ शिजवतोस व्हय, बापू? मीठ घालू का वाईच?"

झडप उघडलेली पाहून मात्र ती पदर सावरत खाली वाकली. "परत मिट बघू तिला," म्हणाली. झडपेच्या कडेला एक बारीक छिद्र पाडून मी ती वरच्या नळीत बसवली. छिद्र नसेल, तर अडकलेली हवा निघत नाही आणि तापलेले पाणी झडपेपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. पहिल्या दिवशी आक्का नळीवर हात ठेवूनच बसली. "पाण्याची वाट अडवलीस. भाजून मरंल की ते!" नळी बराच वेळ गार होती... आणि मग एकाएकी तिने हात झटकला. "आलं रं, आलं!"

धूर ओसरला, गिऱ्हाईक परतले. पण त्याच आठवड्यात मिस्त्रीने इंजिनात डिझेल फवारणारा नोझलही साफ केला होता, आणि तो घाण असला तरी धूर येतो. एकाच वेळी दोन बदल झाले, की श्रेय कोणाचे ते ठरत नाही. आक्काने ठरवले. "मिस्त्रीनं केलंय ते. तुझी झडप नुसती बसून हाय, जावयावानी."

झडप काढून पाहू, असे मी सुचवले. तशी ती गंभीर झाली. "तुझ्या परीक्षेपायी मला गाव सोडाय लावतोस व्हय? चाललंय, चालू दे." मी हात लावला नाही. ती त्याच घरात राहिली आणि त्याच घरात गेली.

दिवसकार्य उरकल्यावर, आता गिरणी सांभाळणाऱ्या शालनवहिनींच्या परवानगीने, मी झडप काढली. नोझल मिस्त्रीने त्यानंतर बरेच दिवस साफ केला नव्हता, तरी झडप काढेपर्यंत धूर नव्हता. इंजिन सुरू केले, टाकीत गार पाणी ओतत राहिलो. पांढरा धूर आला. वहिनी पदर नाकाला लावून ओरडल्या, "आवं गुरुजी, घाला ती जाग्याव! आक्का असत्या तर दळणासंगट तुमालाबी दळलं असतं." झडप पुन्हा बसवली आणि तसेच गार पाणी ओतत राहिलो, तरी इंजिन तापले आणि धूर गेला.

तरीही हा एकाच इंजिनावर, एकदाच केलेला प्रयोग आहे. त्यावरून नियम सांगणे योग्य नव्हे. आपल्या गावात असे इंजिन असेल, तर ते झडपेसह आणि झडपेविना चालवून धुरातला फरक पाहावा. माझ्या शब्दावर विसंबू नये. कृपया स्वतः तपासून घ्यावे.