मिस्त्रींनी सांगितलेली सातवी

मिस्त्रींनी आयुष्यभर दारे-खिडक्या घडवल्या. परंतु थोरल्या मुलाला त्यांनी लाकूड तासण्याच्या रंध्याला कधी हात लावू दिला नाही. तो भुशात खेळायला बसला, की ते त्याला दंडाला धरून उठवत. "तुला खुर्चीवर बसायचंय, खुर्ची बनवायची नाही!"

मुलाने वडिलांचा शब्द खाली पडू दिला नाही. तो पदवीधर झाला आणि त्यावर त्याने आणखी एक पदवी मिळवली. नंतर मात्र कचेऱ्यांचे उंबरे झिजवता झिजवता त्याची तिशी उलटली. धाकटा दहावीत गटांगळ्या खाऊन नळजोडणीच्या कामाला लागला होता. त्याला जेवायलाही फुरसत नसे.

"दादा, माझ्याकडे शिकवणी लाव. नापास कसं व्हायचं ते शिकवतो," तो चेष्टेने म्हणे. थोरला हसे. मिस्त्री मान खाली घालून ताटातले अन्न चिवडत राहत.

एके दिवशी फर्निचरच्या कारखान्याच्या मालकाने मिस्त्रींना बोलावून घेतले. तो त्यांना केवळ त्यांच्या कामावरून ओळखत होता. मिस्त्री पोहोचले, तेव्हा थोरला फळ्यांच्या थप्पीपाशी उभा होता.

"हा तुमचा मुलगा ना? काम मागतोय. सातवीत शाळा सोडली म्हणतो, पण बोलणं बघा कसं तोलूनमापून! मिस्त्री, मला शिकलेला माणूस नको. मागे एक पदवीधर ठेवला होता. कचेरीतून बोलावणं आलं आणि गडी अर्धं कपाट टाकून पसार. तुम्ही सांगाल ते खरं मानतो. किती शिकलाय हा?"

मुलगा नजर वर करीना. खरे सांगावे, तर त्याच्या हाती येऊ घातलेले काम जाणार होते. ज्या पदव्यांचे कौतुक मिस्त्रींनी भेटेल त्याला ऐकवले होते, त्या आता त्यांनाच पुसून टाकायच्या होत्या.

"सातवी," ते म्हणाले.

"मग एवढी वर्षं काय झोपा काढल्या? आणि तुम्ही इतके कसबी, पोराला साधा रंधा धरता येत नाही?"

कामगार फिदीफिदी हसले. मुलाचे कान लाल झाले.

"त्याला हसू नका," मिस्त्री म्हणाले. "त्याची काही चूक नाही. मीच शिकवलं नाही."

"बरं, ठेवतो. तूर्त फळ्या उचलेल, झाडलोट करेल."

मुलाने लगेच झाडू उचलला. मिस्त्री तेथे थांबू शकले नाहीत.

परतीच्या वाटेवर न्हाव्याने दुकानातूनच हाक मारली. "काय मिस्त्री, साहेबांचं जमलं का कुठे?"

कारखान्याचा मालक याच दुकानात दाढीला येत असे. मिस्त्री पायरी चढून जवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माझ्या मुलाच्या शिक्षणाचं यापुढे कुणापाशी बोलू नका."

"अहो, तुम्हीच तर सांगत होता!"

"हो. मीच."

ते खाली उतरले आणि शेजारच्या शिंप्याच्या दुकानाकडे वळले. तेथेही त्यांनी सांगितलेले होते.