गाडीखालून दिलेला नकार

धारगळच्या वर डोंगरावर आमचं काजूचं भाट आहे. पावसात तिथली लाल वाट अशी निसरडी होते की साधी गाडी निम्म्यावरच रडते. ‘जाता येत नाही ती बाग कशाला?’ म्हणून थोरल्या भावाला भाट विकायचं होतं. भांडून भांडून मी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं: या पावसाळ्यात माझी गाडी वर चढली तर भाट राहील.

म्हणून चारही चाकांना जोर असलेली छोटी, वापरलेली गाडी बघायला आम्ही आमोण्याला गेलो. गाडी लखलखत होती, मागे ‘4x4’ असा बिल्लाही होता. भाऊ खूश. पिशवीतला नारळ त्याने लगेच बाहेर काढला. आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घालून नारळ फुटला की सौदा देवाच्या कानावर गेला. मग माघार नाही.

“आदी चढण, मगीर नारळ,” मी म्हटलं आणि शेजारच्या मायनिंगच्या चढावावर गाडी घातली. ओल्या मातीत पुढची चाकं गरगरली, मागची ढिम्म.

“तुका चलवूक येना,” भाऊ म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. गाडी सपाटीवर आणली आणि कपड्यांची पर्वा न करता चिखलात पाठ टेकून खाली डोकावले.

“बाय, सकयल किदें पळयता? चारूय रोदां बरीं आसात,” गाडीचा मालक म्हणाला.

चाकं बरी होतीच. मागच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्टच कुणीतरी काढून टाकला होता!

तेवढ्यात वर भावाने सुरुवात केली. “बा देवा म्हाराजा! आमच्या बायेन आज ही गाडी घेतल्यान. ती सुखान डोंगरार चढूं दी, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मालक आणि त्याचे शेजारी एका सुरात म्हणाले.

“न्हय म्हाराजा!” मी खालून ओरडले.

गाऱ्हाण्याला नकार देणारं माणूस तिथे कुणी पाहिलेलं नसावं. मी बाहेर येऊन शाफ्टचं सांगितलं. मालक जमिनीकडे बघू लागला. भाऊ मात्र माझ्यावरच भडकला.

“गाडी ना, मगीर भाट विकूया.”

“पावस अजून सरूंक ना,” मी म्हटलं आणि त्याच्या हातातला नारळ काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी घसरत, धडपडत मी पायीच भाटात पोचले. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नसतं म्हणे. मी घातलं. “बा देवा म्हाराजा! गाडी मेळूं वा ना मेळूं, ह्यां भाट विकूचां न्हय, रे म्हाराजा!”

साथ द्यायला कुणीच नव्हतं. ‘व्हय म्हाराजा’ही मीच म्हटलं, आणि नारळ फोडला.