मूळच्या खुंट्या

दुपारचं जेवण अंगावर आलेलं असतं. नीलिमाबाईंचा डोळा लागतोय म्हणावं तर लागत नाही, आणि पंख्याची घरघर हळूहळू लांब जाते आहे. टेबलावर बेस गिटार आहे. मिरजेच्या कारागिराकडून परत आल्यापासून त्यांनी तिला हात लावलेला नाही. शेजारी फडक्यात बांधलेल्या तिच्या जुन्या लोखंडी खुंट्या. त्या दुखऱ्या अंगठ्याला पिळवत नव्हत्या, म्हणून बाईंनी हलक्या, नव्या बसवून घेतल्या. त्यावरून मुलगा सकाळी चिडून गेलाय. "बाबांची वस्तू आहे, आई. होती तशी कर." तशी केली तर ती भिंतीवर शोभेल. त्यांच्या हातात मात्र वाजायची नाही.

"फडकं सोड," कुणीतरी म्हणतं.

पलंगाच्या कडेला भालचंद्र बसलेत. जाऊन इतकी वर्षं झाली, तरी केसांना तेच चमेलीचं तेल, अंगात ऑर्केस्ट्रातला तोच चकचकीत निळा कोट.

"चहा ठेवू?" सवयीने बाईंच्या तोंडून जातं.

"चहा राहू दे. माझ्या खुंट्या परत लाव."

"तुमच्या कुठल्या? गिटार आता मी वाजवते."

"तू?" ते खो खो हसतात, मग खेकसतात. "म्हातारपणी ही कसली हौस!"

पलंगाचं एसटीतलं बाक झालंय. खिडकीबाहेर कराडचा स्टँड, पण स्टँडभर गुडघाभर पाणी, आणि पाण्यात कार्यक्रमाला मांडतात तशा खुर्च्यांच्या ओळी.

"मूळचं ते मूळचं, नीलिमा. भाग बदलला की वाद्य परकं होतं."

"तुमचे मूळचे दात कुठे होते हो? कवळी लावूनच कोरसमध्ये गात होतात ना?"

"माणसाची गोष्ट वेगळी."

"वेगळी?"

त्या वळून बघतात तर एसटी नाही, मांडव आहे. भालचंद्रांना मुंडावळ्या आहेत. मांडीवरच्या ताटात तांदूळ पसरलेत आणि ते अंगठीने त्यात 'नी' काढतायत. मागे बायका खुसखुसतायत.

"हे बघा, हेच," नीलिमाबाई ताटावर बोट ठेवतात. "ऑर्केस्ट्रावाल्याची बायको शोभली पाहिजे म्हणालात नि माझं नाव बदललंत. मग मूळचं कुठल्या फडक्यात बांधून ठेवलंत?"

"चिडतेस काय? तेव्हा सगळेच बदलायचे."

"सांगा ना ते नाव. सांगितलंत तर आत्ता जुन्या खुंट्या लावते, आणि परत गिटारला शिवायची नाही. शब्द माझा."

भालचंद्र तांदूळ चिवडत बसतात.

"हिरा," ते म्हणतात. मग, "नाही, हरणी. अगं, 'ह'वरूनच होतं काहीतरी."

"माझे वडील मरेपर्यंत त्याच नावाने हाक मारायचे. तुमच्यादेखत."

"थांब, थांब. जिभेवर आहे."

"जिभेवर होतं! मघाशी माझ्यावर खेकसलात तेव्हा खणखणीत निघालं तोंडातून, तरी ओळखलं नाहीत. हौसा. हौसा नाव माझं."

हौसाबाईंच्या मांडीवर आता गिटार आहे. ती कशी आली, कुणी दिली, त्या विचारत नाहीत. दोन बोटांनी खुंटी पिळतात, ती लोण्यासारखी फिरते. सगळ्यात जाड तार डाव्या हाताच्या चारही बोटांनी दाबून त्या छेडतात. तो आवाज कानांआधी पोटाला कळतो. मांडवाचे खांब हलतात, ताटातला 'नी' विस्कटतो, तांदूळ उडायला लागतात.

"हळू," भालचंद्र म्हणतात. कोटाचा निळा रंग फिका पडत चाललाय. "हळू गं, लोक ऐकतील."

"ऐकू देत की! त्यासाठीच वाजवतेय."

गल्लीत भंगारवाला ओरडतोय. हौसाबाई उठून बसतात. पंखा गरगरतोय, गिटार टेबलावर जिथल्या तिथे आहे. त्या तरातरा खिडकीशी जातात.

"ए भाऊ, थांब! लोखंड आहे!"

परत येऊन खुंट्यांचं गाठोडं उचलतात, तर डाव्या हाताची बोटं झोंबतात. त्या हात उजेडात धरतात. चारही बोटांच्या टोकांवर जाड तारेचे वळ आहेत, खोल, लालभडक, आत्ताच उठलेले.