नमुन्याच्या टॉवेलवरचं कुंकू

गोल्फ दिसला की मला शिसारी येते. त्या खेळाने माझं काही वाकडं केलेलं नाही. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी एक्स्पोर्टचे कागद सांभाळतो, काठी-चेंडूशी माझा संबंध काय? पण परवा सात रस्ता चौकात चहा पिताना शेजारच्याच्या मोबाइलवर ती स्पर्धा लागली होती, एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला युरोप, आणि बघे समोरच्या संघाला शिव्या घालत होते. मी अर्धा कप तसाच ठेवून उठलो.

याच स्पर्धेसाठी आमच्याकडे टॉवेलची ऑर्डर आली होती. लाल अमेरिकेचे, निळे युरोपचे. खेळाडूच्या पिशवीला अडकवायचे आणि काठीचा चिखल पुसायचा, एवढंच त्यांचं काम. पण आमचे मॅनेजर असे मिरवत होते, जणू वऱ्हाड त्यांच्याच दारात उतरणार आहे.

नमुने मामांनी विणले. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने विणकर. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. मागावरून उतरलेल्या पहिल्या कापडाला कुंकवाचं बोट लावून ते विणकरांच्या देवाच्या, मार्कंडेयाच्या तसबिरीपुढे ठेवायचं, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. ते कापड गिऱ्हाइकाकडे कधी जात नसे. या वेळी मात्र त्यांनी एका लाल आणि एका निळ्या टॉवेलला बोट लावलं आणि दोन्ही नमुन्याच्या खोक्यात घातले.

मी विचारलं, तर म्हणाले, "दोन मुलखांची झुंज हाय म्हनत्यात. मग एकालाच कसं लावायचं? दोगास्नीबी देवाचं जाऊ द्या की."

मला ते इतकं आवडलं की खोकं मी स्वतःच बंद केलं.

पंधरा दिवसांनी खरेदीदार बाईंचा व्हिडिओ कॉल आला. हातात निळा टॉवेल, कोपऱ्यात लाल ठिपका. मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मामांना मागावरून उठवून आणलं आणि कॅमेऱ्यासमोर उभं केलं. मॅनेजरांचं इंग्रजी 'येस मॅडम'च्या पुढे जात नाही, म्हणून मधे मी.

बाई चिडलेल्या नव्हत्या. हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांनी एवढंच विचारलं, की हा ठिपका मुद्दाम लावलाय का, याला काही अर्थ आहे का?

मॅनेजर माझ्या कानाला लागले. तोंडात तंबाखू-सुपारीचा मावा, त्याचा तो कुबट वास. "डाग म्हण. म्हाताऱ्याला काढून टाकतो म्हणून सांग. नाहीतर खोकं कुणी बंद केलं ते मला शोधून काढावं लागेल."

मी मामांना बाईंचा प्रश्न सांगितला. त्यांचा चेहरा खुलला. स्क्रीनकडे बघत त्यांनी हात जोडले. "सांगा बाईस्नी, पैलं कापड देवाला दावल्याबिगर आमी माल कुनाच्या हातात देत न्हाय. तुमची पोरं लांब खेळायला निगाली, त्यास्नी इजा व्हऊ नये म्हून लावलं."

मी इंग्रजीत सांगितलं, "तो डाग आहे. माणूस अडाणी आहे. तो तुमची माफी मागतोय. त्याला आम्ही कामावरून काढतोय."

बाई त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, एवढ्यासाठी काढायची गरज नाही. ते मी कुणालाच सांगितलं नाही. माझी मलाच किळस आली.

"काय म्हनल्या?" मामांनी विचारलं.

"आवडलं म्हणाल्या."

मामा खूश होऊन मागाकडे गेले. संध्याकाळी त्यांच्या राजीनाम्याचा कागद मॅनेजरांनी मलाच टाइप करायला सांगितला. तो मी इंग्रजीत केला. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कसलं हाय?"

"त्या ऑर्डरचंच आहे," मी म्हणालो. "सही करा."

त्यांनी केली.