हैदरभाईंनी नाकारलेलं सागवान

बांधकाम खात्याच्या गोदामात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला देवानं दोन डोळे कमीच दिले, असं सदाशिवराव वैजापूरकरांचं ठाम मत होतं. सिमेंटमध्ये राख, वाळूत माती, रंगात पाणी, सगळं त्यांनी पाहिलं होतं. निवृत्त झाले तरी खिशात लोहचुंबक असेच. दुकानदार पितळी स्क्रूंचं कौतुक करू लागला की आधी चुंबक बाहेर निघे, मग चष्मा. "बरं झालं लग्नात यांच्याकडे चुंबक नव्हतं, नाहीतर माझ्या मंगळसूत्रालाही लावलं असतं," असं अंबिकाबाई चारचौघांत सांगत.

अशा माणसाचा अख्ख्या शहरात एकाच कारागिरावर भरवसा होता, छावणीतल्या हैदरभाई सुतारांवर. तीस वर्षांपूर्वी त्यांनी सदाशिवरावांच्या घराला सागवानी खिडक्या केल्या होत्या. त्यांच्या जोडात अजून पोस्टकार्डाची कड शिरत नव्हती. सदाशिवराव दर दिवाळीला ती घालून पाहत, म्हणून त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता लेकीसाठी, चारुतासाठी, पडेगावला घर उभं राहत होतं. खिडक्या हैदरभाईंच्याच, यात विचारायचं काही नव्हतं. पण हैदरभाई जागेवर आले, भिंतीच्या कडेनं फिरले आणि म्हणाले, "साहेब, लाकूड नका घेऊ. पश्चिमेची बाजू हाय, ऊन लई. सागवान फाटतं, वाळवी लागती. ॲल्युमिनियम लावा, जाड सेक्शनचं."

"आणि ते प्लास्टिकचं, यूपीव्हीसी?"

"तेबी चांगलं, पण बाजारात हलकं लई सुटलंय. ॲल्युमिनियमच घ्या."

सुतारानं लाकूड नको म्हणावं! सदाशिवरावांच्या मनात पाल चुकचुकली. जुन्या घराच्या खिडक्याही पश्चिमेलाच होत्या, आणि तीस उन्हाळे खाऊन ठणठणीत होत्या. म्हणजे हैदरभाई सरळसरळ खोटं बोलत होते. का? ॲल्युमिनियमवाल्याचं कमिशन, दुसरं काय!

त्यांनी तीन दुकानं पालथी घातली. नमुने वाजवून पाहिले, रबराच्या पट्ट्या ओढून पाहिल्या, आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "छावणीतल्या हैदर सुतारांना किती टक्के देता?" दोघांनी नकारार्थी मान हलवली. तिसरा हसून म्हणाला, "सगळेच घेतात, साहेब. त्यांचं मला माहीत नाही." सदाशिवरावांना तेवढं पुरलं.

त्यांना राग आला नाही, वाईट वाटलं. एक माणूस तरी चोख आहे, या एका गोष्टीवर त्यांनी इतकी वर्षं बाकी सगळ्यांचा संशय निभावून नेला होता. तोही गेला तर मग उरलं काय?

"सरळ विचारा की त्यांना," अंबिकाबाई म्हणाल्या.

"विचारून कुणी कबूल करतं होय?"

त्यांनी खात्यातली जुनी रीत काढली: नमुना डोळ्यांसमोर करवून घ्यायचा. सागवानाचा चांगला तुकडा घेऊन गुरुवारी सकाळी ते छावणीत पोचले. हैदरभाईंच्या कारखान्यात अभय नावाचा ठेकेदार दरवाज्यांचं काम द्यायला बसला होता. साक्षीदार आयताच मिळाला, म्हणून सदाशिवराव खूष झाले.

"हैदरभाई, चौकटीचा एक कोपरा जोडून दाखवा. मग ठरवतो लाकूड की ॲल्युमिनियम."

"कामावर माणसं हायेत, करून देतील."

"नाही, तुम्हीच." मग आवाज चढवून, "का, ॲल्युमिनियमवाल्याला चालणार नाही?"

हैदरभाईंनी सागवानाचा तुकडा पुढं ओढला. मग पटाशी उचलली, खाचेची रेघ मारली, हातोडी उगारली. हात थरथरत होता. पहिला घाव रेघेबाहेर पडला. त्यांनी मनगट गुडघ्याला टेकवून दुसरा घातला, तर कडेची ढलपीच उडाली. कारखान्यातला रंधा थांबला. अभयनं फोनकडे पाहिलं, उठला आणि "चाचा, दरवाज्यांचं बघू नंतर," म्हणून निघून गेला.

"दीड वर्ष झालं," हैदरभाई म्हणाले. "दवा चालू हाय. दुसऱ्याच्या हातचं माझं म्हणून तुम्हाला द्यायचं, ते जमलं नाय."

"मग मला सांगायचं ना, हैदरभाई!"

"कुणालाच नव्हतं सांगितलं. आन् तुम्ही तर माझ्या कामात कधी खोट काढली नाय. तुमच्यापाशी तरी तेवढं नाव राहू द्यावं, म्हणलं."

सदाशिवरावांना माफी मागायची होती. पण सवय नव्हती. आयुष्यभर त्यांनी इतरांकडून खुलासे मागवले होते, स्वतःचा कधी दिला नव्हता. त्यांनी वाकून उडालेली ढलपी उचलली.

हैदरभाईंनी पटाशी पुसून फळीवर ठेवली.

"ॲल्युमिनियमच घ्या, साहेब. दुकान कोणतं, ते मात्र मी सांगणार नाय."