मंदाताई आणि लास वेगासमधली फोडणी

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी डब्यांत आमटी भरत होते. लॉस एंजेलिसहून त्यांचा मुलगा निखिल बोलत होता. अमेरिकेतच जन्मलेला, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. "मावशी, आई... शी इज गॉन. झोपेतच." मी उरलेले डबे भरले, झाकणं लावली आणि मग खाली बसले. त्याला सहा आठवडे झाले.

मी आठवीत शाळा सोडली ती कायमची. दिरांनी अमेरिकेचे कागद केले म्हणून नवऱ्याबरोबर इचलकरंजीहून इथं न्यू जर्सीत, पार्सिपनीला आले आणि घरगुती डबे करायला लागले. मंदाताई माझं पहिलं गिऱ्हाईक. मूळच्या नागपूरच्या, इथल्या कंपनीतून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. माझ्याहून सोळा वर्षांनी मोठ्या, तरी आमची मैत्री जमली ती जमलीच. बँकेचा फोन असो की दवाखान्याचा, मी मोबाईल त्यांच्या हातात द्यायची. "तुम्हीच बोला, ताई." माझ्या तोंडून एखादा चुकीचा शब्द गेला की हे लोक ग्रीन कार्ड काढून घेतील आणि आम्हाला परत पाठवतील, असं मला वाटायचं. आज लिहिताना हसू येतं, पण तेव्हा त्या भीतीनं जेवण जायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला निखिलकडे गेलो होतो, तिथून भाड्याची गाडी घेऊन आम्ही दोघीच ग्रँड कॅन्यन बघायला निघालो. ड्राइव्ह त्या करणार, मी शेंगा सोलून हातावर ठेवणार. वाटेत मुक्काम लास वेगासला. तिथं लिफ्टकडे जायची वाटसुद्धा जुगाराच्या मशीनांमधून. भर दुपारी माणसं बटणं दाबत बसलेली. ताईंनी जेवणाआधीचं इन्सुलिन टोचून घेतलं आणि खाली गेलो तर बुफेची रांग पार कोपऱ्यापर्यंत! साखर उतरून त्यांना घाम फुटायला लागला. तोंडात बिस्किटं कोंबून मी त्यांना वर आणलं. माझ्या पिशवीत छोटी विजेची शेगडी आणि मूगडाळ-तांदूळ असतातच. खिचडी शिजली, पहिला वाडगा त्यांच्या हातात दिला. त्या दोन घास खाऊन म्हणाल्या, "फोडणी नाही का गं?" झालं. डबेवालीच्या जिव्हारी लागलं. तेल कडकडीत तापवलं, मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या... आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र असं काही किंचाळायला लागलं की हातातली वाटी फोडणीसकट खिचडीच्या पातेल्यात पडली. पाचव्या मिनिटाला दारावर थाप.

"ताई, पोलीस!"

"पोलीस नाही, हॉटेलचा माणूस असेल. उघड."

"तुम्ही बोला ना. माझ्या पाया पडते... नाही, तुमच्या पाया पडते."

"मी जेवून राहिली आहे," ताई म्हणाल्या. "इन्सुलिन घेतलंय मी. काहून घाबरतेस एवढी? खिचडी तू केलीस, तूच सांग."

आणि खरंच, पलंगावर मांडी घालून त्या शांतपणे जेवत राहिल्या. मी दार उघडलं. समोर उंचच्या उंच गार्ड. मी म्हटलं, "सर, आय कुक. नो फायर. ओन्ली मस्टर्ड. माय फ्रेंड शुगर पेशंट, लाइन बिग, शी मस्ट ईट." त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. ताईंनी त्याला चमचा उंचावून दाखवला. खोलीत स्वयंपाक चालत नाही, पुन्हा करू नका, एवढं तो हळूहळू, मला कळेल असं बोलला. मग विचारलं, "इज शी ओके नाऊ?" मी म्हटलं, "यस सर. नाऊ ओके."

मी दार लावलं. ताई म्हणाल्या, "पाठवलं का गं तुला परत?" मग वाडगा पुढे केला. "वाढ अजून. मिरची काढून."

त्यानंतर माझ्या वतीनं त्या एकाही फोनवर बोलल्या नाहीत. मी चिडायची, रडायची. त्या शेजारी बसून पेपर वाचायच्या.

मागच्या आठवड्यात मी नवीन डॉक्टरकडे नाव घालायला फोन केला. एकटीनं. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं नीट सांगितलं. पलीकडच्या मुलीनं विचारलं, इमर्जन्सीला कुणाला कळवायचं? माझ्या तोंडून मंदाताईंचं नाव गेलं. एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, नंबरही पाठ. "रिलेशन?" "फ्रेंड." तिनं सगळं टाईप केलं, थँक यू म्हणाली.

ते नाव अजून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. बदलायचं तर एक फोन करावा लागेल. तो मला आता करता येतो... अजून केलेला नाही.